जुन्या माळवदाच्या घराची तपासणी, शुक्रवार पेठ, सोलापूर

आमचं घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. दगडी भिंती, सागवानी खांब-तुळया, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. माळ्यावरच्या मधल्या खणात (दोन तुळयांमधल्या भागात) छत खाली आल्यासारखं दिसायला लागलं म्हणून जुनी घरं तपासणाऱ्या एका इंजिनिअर सरांना बोलावलं. आधी आलेल्या कंत्राटदाराने माळ्यावर न चढताच "पाडा आणि स्लॅब टाका" म्हणून सांगितलं होतं. या सरांनी सबंध सकाळ माळ्यावर काढली.

कुठलं लाकूड काय काम करतं ते त्यांनी आधी खडूने खुणा करून दाखवलं. भिंतीपासून खांबापर्यंत जाते ती तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर माती. "काका, ही कडी गेली तर चार फळ्या येतील. ही तुळई गेली तर अख्खा खण खाली येईल," असं त्यांनी सासऱ्यांना तुळईवर हात ठेवून सांगितलं.

मग मागाहून घातलेले आधार. मूळ तुळयांवर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव दिसतात, चुलीच्या धुराची काजळी बसली आहे. नंतरचं लाकूड मशीनवर सरळ कापलेलं, काजळी नाही, जोडाला लाकडी खुंटीऐवजी नट-बोल्ट. लोखंडी गर्डर भिंतीत शिरतो तेवढीच जागा सिमेंटने लिंपलेली, बाकी दगडांमधल्या दर्जा (सांधे) मातीच्या. गर्डर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घातला, हे सासऱ्यांनाही लगेच आठवलं. तो तुळईला नीट भिडलेला आहे, वजन घेतो.

खरी गोम दोन लाकडी टेकूंत निघाली. पहिल्याचं डोकं आणि तुळई यांच्यामध्ये सरांनी पोस्टकार्ड सरकवलं, ते आरपार गेलं! म्हणजे तो नुसता उभा होता. दुसऱ्यात कार्ड शिरेना, तो घट्ट. पण त्याचा पाय माळ्याच्या फळ्यांवर, दोन कड्यांच्या मधोमध, आणि खाली ना भिंत ना खांब. वरच्या मातीचा भार तो आमच्या झोपायच्या खोलीच्या छतावर टाकत होता. प्रत्येक आधाराखाली सर खालच्या खोलीत जाऊन बघायचे, वजन जमिनीपर्यंत पोचतं की मध्येच अडकतं ते. हे मला फार पटलं. टेकू दिसला की आपण निर्धास्त होतो, तो कशावर उभा आहे हे कोणी बघत नाही.

तुळई मध्ये टणक आहे, पण भिंतीत शिरते तिथं स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला. भिंतीतून पाणी मुरतं, टोकाला हवा लागत नाही, म्हणून कुजायला तिथूनच सुरुवात होते. वर ऑइलपेंट असल्याने बाहेरून काहीच कळत नव्हतं.

माळवद गळलं की वर पांढरी माती टाकायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. थर फूटभर झालाय. कोरडी माती धरली तरी चौरस फुटाला साधारण ४५ किलो, म्हणजे दहा बाय दहाच्या खणावर साडेचार टन, पावसात त्याहून जास्त. आधी जमिनीपासून पक्के टेकू द्या, मग माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, तुळईचं टोक त्यानंतर, असा क्रम त्यांनी लिहून दिला. घर पाडायची गरज नाही म्हणाले. सासऱ्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

एक तक्रार आहे. रिपोर्ट इंग्रजीत देतात. जुन्या घरांचे मालक बहुतेक वयस्कर माणसं, त्यांना तो वाचता यायला हवा. मागितल्यावर मराठीत नावं घातलेला नकाशा दिला आणि तो उत्तम आहे, पण मागावा का लागावा?

फी रिपोर्टसकट साडेतीन हजार, आधीच सांगितली होती. दुरुस्तीचं काम ते स्वतः घेत नाहीत, त्यामुळे काम वाढवून सांगतील ही भीती नाही. बोलावणार असाल तर माळ्यावरचं सामान भिंतींपासून सरकवून ठेवा, तुळयांची टोकं तिथंच बघतात. आणि वेळ सकाळची घ्या, उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे माळ्यावर उभं राहवत नाही.