डेमो खरा, माल खोटा

हे मी चार महिने आधी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण लाज वाटली. एकतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली, दुसऱ्यांच्या खरेदीतली खोट शोधायचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर साडेनऊ हजारांची टेनिसची रॅकेट पावतीशिवाय घेऊन बसले. कुणाला सांगणार? मी गप्प बसले, आणि तेवढ्यात ती विकणाऱ्या माणसाने आमच्याच कोर्टावर आणखी दोघांना तसलाच माल विकला. त्यातल्या एक माझ्या समोरच्या बाजूला खेळतात. त्यांनी घ्यायच्या आधी मला विचारलंही होतं, "कशी आहे हो तुमची नवी रॅकेट?" मी म्हटलं, "बरी आहे."

पुण्यात राहते, वय ६२. सकाळी साडेसहाला आमची डबल्सची चौकडी मातीच्या कोर्टावर हजर असते. शाळेत लाकडी रॅकेटवर शिकले. खेळून झालं की ती चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात पापडासारखी वाकडी व्हायची. पुढे नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात पंचवीसेक वर्षं खेळ सुटला. पन्नाशीत परत सुरू केला तेव्हा भाच्याची जुनी ग्रॅफाइटची रॅकेट हाताशी होती, तीच बारा वर्षं चालवली. गेल्या वर्षी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. कुकरचं झाकण फिरवताना कळ यायची, कणीक मळताना यायची. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, टेनिस एल्बो आहे, हे व्यायाम रोज करा, आणि जमलं तर रॅकेटही एकदा बघून घ्या. व्यायाम कंटाळवाणे होते. रॅकेट बघणं मात्र आवडीचं काम.

अभ्यास न करता घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून सांगते. महिनाभर वही घेऊन बसले होते. रॅकेटवर छापलेलं वजन बहुतेक वेळा तारांशिवायचं असतं, गटिंग केलं, म्हणजे तारा ओढून बसवल्या, की त्यात पंधरा-सतरा ग्रॅमची भर पडते. तरुण, जोरकस खेळणाऱ्यांसाठी साधारण ३०० ग्रॅमची फ्रेम चालते. बाबोला कंपनीची प्युअर ड्राइव्ह तेवढीच आहे, आणि तिच्याच घरात २८५ आणि २७० ग्रॅमच्या धाकट्या बहिणी आहेत. फेडररच्या नावाची विल्सन ३४० ग्रॅमची होती, ती आपल्यासारख्यांनी दुकानात नुसती हातात घेऊन बघावी आणि परत ठेवावी. पण "जितकी हलकी तितकी कोपराला बरी" हेही खरं नाही. फार हलकी रॅकेट चेंडूचा धक्का स्वतः पचवत नाही, तो हातात सोडते. वजन थोडं असावं, पण ते मुठीकडे असावं. डोकं, म्हणजे तारांचा भाग, १०० ते १०५ चौरस इंचांचं असलं की चेंडू थोडा चुकीच्या जागी लागला तरी निभावतं. तारा मऊ, मल्टिफिलामेंट म्हणजे अनेक बारीक तंतूंच्या, ताण पन्नास पौंडांच्या आसपास. पॉलिएस्टरची कडक तार आमच्या वयाच्या कोपराला नको. इतकं सगळं वहीत होतं. वही घरी कपाटात होती आणि मी कोर्टावर.

तो विकणारा आला फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका रविवारी. तिशीतला, नीटनेटका, पाठीवर सहा रॅकेटची बॅग. आमच्या मार्करशी, म्हणजे कोर्टावर सराव करून देणाऱ्या माणसाशी, दोन शब्द बोलला आणि बाकावर बसून आमचा सेट बघत राहिला. सेट संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही लाकडी रॅकेटवर शिकलात ना? बॅकहॅण्डवरून लगेच कळतं." इथेच मी विरघळले. बासष्टाव्या वर्षी आपल्या बॅकहॅण्डकडे कुणी बघत नाही. घरचे तर नाहीच नाही.

राज्य पातळीवर खेळलोय म्हणाला. कोणत्या वर्षी, कुठल्या गटात, कुणीच विचारलं नाही. आठवड्याभरापूर्वीच रोहन बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली होती आणि त्रेचाळिसाव्या वर्षी जगात पहिल्या नंबरवर गेला होता. त्याने ते बरोबर वापरलं. "वय काही नसतं काकू, हत्यार बरोबर हवं." आमच्यातले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त, त्यांनी तर मान डोलवून टाळीच दिली.

मग त्याने मला एक रॅकेट काढून दिली. नामांकित परदेशी कंपनीची होती. नाव घेत नाही, कारण त्या कंपनीचीही नक्कलच झालेली आहे. २८५ ग्रॅम, १०० चौरस इंच, माझ्या वहीत लिहिलेली होती तीच. म्हणाला, "दोन दिवस घरी न्या, खेळा, मग बोलू. पैशाची घाई नाही." मी दोन दिवस खेळले आणि खरं सांगते, इतका सुखाचा खेळ मी कित्येक वर्षांत खेळले नव्हते. चेंडू तारांवर क्षणभर बसायचा आणि मग जायचा. व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडायच्या आधी चेंडू मारताना, हात थरथरत नव्हता. तिसऱ्या दिवशी कोपर दुखलंच नाही. ती रॅकेट अस्सल होती, याबद्दल मला आजही शंका नाही. त्याचा सगळा धंदा त्या एका अस्सल रॅकेटवर उभा होता.

दुकानात हीच अठरा-वीस हजारांच्या घरात. त्याने सांगितले साडेनऊ. कस्टम्समधून सुटलेला माल आहे, मधला दलाल नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "काकू, बिल केलं तर जीएसटी लागेल, तुम्हालाच जास्त पडेल." हे वाक्य मी नोकरीत किमान शंभर पुरवठादारांच्या तोंडून ऐकलं असेल, आणि शंभरही वेळा लाल पेनने शेरा मारला असेल. त्या दिवशी मी मान हलवली. पैसे मोबाइलवरून पाठवले. स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. "वहिनीचं खातं आहे, माझं केवायसीचं काम चालू आहे." बरं, म्हटलं.

डेमोची रॅकेट त्याने परत घेतली. "ही खेळून झालेली, तुम्हाला कोरी देतो." चार दिवसांनी प्लॅस्टिकमध्ये बंद नवी रॅकेट आली. मुठीवर पातळ पारदर्शक कागद, गळ्यापाशी चकचकीत होलोग्राम, आणि गटिंग करूनच आलेली. इथे थांबते, कारण नुसतं हे कळलं असतं तरी मी वाचले असते. या दर्जाच्या फ्रेम बहुधा तारांशिवाय विकतात. तारा कुठल्या, ताण किती, हे घेणारा ठरवतो आणि दुकानातला माणूस मशीनवर करून देतो. त्याने सांगितलं, "कंपनीचं गटिंग आहे, हात लावू नका, वॉरंटी जाईल." म्हणजे कुठल्याही गटिंगवाल्याच्या हातात ती पडू नये, याची सोय.

पहिल्या दिवशी वाटलं, नवी आहे, रुळेल. दुसऱ्या आठवड्यात कोपर पूर्वीपेक्षा जास्त ठणकायला लागलं. फटका मारला की आवाज वेगळा यायचा, टण्णकन, पितळी डब्यावर पळी आपटल्यासारखा. डेमोचा आवाज दबका होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, रॅकेट तीच आहे. वयानुसार हाताचं होतंच असं." ज्या वयाला तो महिन्याभरापूर्वी "काही नसतं" म्हणाला होता, त्याच वयावर आता सगळं ढकलून मोकळा. आणि माझी कमाल बघा, मला ते पटलं! मी फिजिओकडे गेले आणि व्यायाम वाढवून घेतले.

शेवटी वॉरंटी गेली खड्ड्यात म्हणून तारा बदलायला शहरातल्या एका दुकानात नेली. तिथला गटिंग करणारा पोरगा पंचविशीचा असेल. त्याने रॅकेट हातात घेतली, कानाशी नेऊन बोटाच्या पेराने फ्रेमवर दोनदा टकटक केलं, आणि परत माझ्यासमोर ठेवली. "मावशी, ही मी मशीनवर घेत नाही."

"का रे?"

"तारा ओढताना मोडली तर तुम्ही मला बोलाल."

मग त्याने मोबाइलचा टॉर्च लावून दाखवलं. दांडा जिथे दोन फाट्यांत विभागतो आणि वर डोक्याचा खालचा कमानीसारखा भाग जोडला जातो, तिथे रंगाच्या खाली केसाएवढी रेघ दोन्हीकडे दिसत होती. ग्रॅफाइटची फ्रेम साच्यातून अखंड निघते, तिथे सांधा नसतो. इथे कमान वेगळी बसवलेली, वर लांबी भरून रंग मारलेला. तारा ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून जातात त्या ग्रोमेट्सपैकी दोन बोटाने हलत होत्या. माझी परवानगी घेऊन त्याने मुठीच्या टोकाचं झाकण काढलं आणि आतल्या कडेवर एक रुपयाचं नाणं घासलं. काळा रंग निघाला आणि खाली पांढरं चकाकलं. ॲल्युमिनियम. आमच्या दूधवाल्याच्या जुन्या किटलीसारखं.

त्या पोराने पैसे घेतले नाहीत. "अशा महिन्याला एक-दोन येतातच," एवढंच म्हणाला.

घरी येऊन सुनेचा केकसाठीचा वजनकाटा काढला. २८५ची फ्रेम तारांसकट तीनशे-तीनशेदोन भरायला हवी. भरली ३३१. मग पट्टी घेऊन तोल बघितला. रॅकेट पट्टीच्या कडेवर आडवी तोलून धरायची आणि ती कुठे स्थिरावते ते मुठीच्या टोकापासून मोजायचं. रॅकेटची लांबी साडेअडुसष्ट सेंटीमीटर, म्हणजे मध्य सव्वाचौतीसवर. मला हवी होती तशी रॅकेट तारांसकट तेहतीसच्या आसपास तोलते, वजन मुठीकडे. माझी तोलली पस्तिसाच्याही पुढे. म्हणजे मी दोन महिने कोपर दुखतंय म्हणून हातोडा चालवत होते. या सगळ्या तपासणीला सहा मिनिटं लागली. काटा त्याच घरात होता, पट्टी त्याच टेबलावर, आणि डेमोची रॅकेट दोन रात्री त्याच टेबलावर पडलेली होती. तेव्हा दोन्ही वजनं लिहून ठेवली असती तर पार्सल फोडल्या फोडल्या कळलं असतं.

नंबर आता लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बाई नीट बोलल्या, पण त्यांचा पहिला प्रश्न विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि दुसरा पावती. माझ्याकडे होतं पैसे पाठवल्याचं एक चित्र आणि कुणा वहिनीचं नाव. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही, पण नोटीस पाठवायची कुठे? कोर्टाच्या बाकावर? खोटा ट्रेडमार्क लावून माल विकणं हा १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला. हवालदारांनी रॅकेट हातात घेऊन हवेत एक फटका मारला आणि म्हणाले, "मॅडम, चांगली तर वाटतेय." पोहोच मात्र शिक्का मारून दिली. पुढे काही झालेलं नाही.

बाकीच्या दोघांना मी अखेर सांगितलं तेव्हा त्यांच्याही रॅकेट घेऊन बसलो. समोरच्या बाजूला खेळणाऱ्या बाईंची निघाली ३२८ ग्रॅम, गळ्यात तीच रेघ. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" मी तारीख सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला असणार. मला कळल्यानंतर अकराव्या दिवशी त्यांनी घेतली होती. अजूनही आम्ही एकत्र खेळतो, पण चहाला त्या पूर्वीसारख्या थांबत नाहीत.

मी आता दुकानातून बिलासकट घेतली आहे, २७० ग्रॅमची, मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणून थोडी स्वस्त पडली. फ्रेम कोरी घेतली, काउंटरवर वजन करवून घेतलं, त्या पोराकडून अठ्ठेचाळीस पौंडांवर मऊ तारा लावून घेतल्या. मुठीची जाडी त्यानेच बघितली: रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्या मधे दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. बारा वर्षं मी एक नंबर जाड ग्रिप धरत होते, हेही तेव्हाच कळलं. कोपर आता बरं आहे. नव्या रॅकेटचं श्रेय किती आणि त्या कंटाळवाण्या व्यायामांचं किती, ते फिजिओबाईंना विचारायची माझी हिंमत नाही.

तिसरी रॅकेट बँकेतल्या गृहस्थांची. त्यांनी काट्यावर ठेवू दिली नाही. "माझी ओरिजिनल आहे, त्याने मला स्पेशल दिलीय," म्हणाले आणि झिप लावून टाकली. मी टॉर्च पुढे केला तर बॅग पाठीवर घेऊन चालायला लागले. काल सकाळी त्याच रॅकेटने त्यांनी आम्हाला ६-३ हरवलं. दर फटक्याला टण्णकन आवाज येत होता.