दहा महिने पटिंग मॅट वापरल्यावर: सोलापुरातून, वयाच्या 67 व्या वर्षी

गेल्या जूनमध्ये साडेचार हजार रुपयांना गोल्फची दहा फुटी पटिंग मॅट मागवली, म्हणजे बॉल जमिनीवरून हळू घरंगळवत होलमध्ये घालायच्या फटक्याचा, पटचा, घरी सराव करायची चटई. आता एप्रिल संपत आलाय. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास तिच्यावर घालवतो, त्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगता येतील. साठी ओलांडलेल्या आणि घराजवळ कोर्स नसलेल्या माणसांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जुळे सोलापुरात राहतो. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आता मुलगा बघतो. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा लेकीकडे पुण्याला जातो आणि येरवड्याला राऊंड, म्हणजे अठरा होलचा डाव, खेळतो. बाकी सगळा सराव घरीच. ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, दरवर्षी थोडा थोडा आखडत चाललाय आणि तो काही परत लांबणार नाही, हे मी मान्य केलंय. पण पार 72, म्हणजे अठरा होलना मिळून ठरलेले 72 फटके, या हिशेबात प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) दोन पट धरलेले असतात, म्हणजे 36 फटके, बरोबर निम्मे. त्यांना ना खांद्याची ताकद लागते ना कमरेचा पीळ. माझ्या वहीत गेल्या वर्षी राऊंडला सरासरी 40 पट होते आणि त्यात सहा-सात ग्रीनवर तीन-तीन. तिथंच काहीतरी करायचं ठरवलं.

पहिले दोन महिने मॅटवर मी फार खूश होतो. सहा फुटांवरून दहातले आठ बॉल आत जायचे. ऑगस्टमध्ये येरवड्याला गेलो आणि पहिल्या चार ग्रीनवर बॉल होलच्या चार-चार फूट पुढे. बरोबरचा कॅडी (बॅग उचलणारा) जुना माणूस. तो म्हणाला, "साहेब, हात आवरा." तेही पावसाळ्यात, ग्रीन ओलं आणि जड, बॉल कमी पळतो तेव्हा!

घरी येऊन नीट बघितलं तेव्हा कारण सापडलं. या मॅटच्या टोकाला चढ आहे आणि होलमागे फळी. चढामुळे बॉल जरा जोरात ढकलायची हाताला सवय लागते आणि जास्त जोर लागला तरी फळी त्याला अडवून आत पाडते. म्हणजे चूक केली तरी शाबासकी मिळते. खऱ्या होलचा व्यास सव्वाचार इंच, बॉलचा 1.68 इंच. बॉल हळू आला तर होलची सगळी रुंदी त्याच्या वाट्याला येते, काठावरूनही आत घसरतो. वेगात आला तर फक्त मधला भाग उपयोगाचा, काठाला लागला की बाहेर फिरतो. वेग आवरला की होल मोठं होतं, हे मला 67 व्या वर्षी हाताने कळलं.

मग मी मॅट उलटी फिरवली. सपाट टोकाला खडूने सव्वाचार इंचांचं वर्तुळ काढलं आणि त्याच्यामागे दीड फुटावर आपला सोलापुरी टॉवेल घडी करून आडवा ठेवला. बॉल वर्तुळावरून गेला पाहिजे आणि टॉवेलला न लागता थांबला पाहिजे. टॉवेलला लागला की मोजणी पुन्हा शून्यापासून. सलग दहा झाल्याशिवाय चहा नाही. पहिल्या आठवड्यात ही दोनदा चहा झाकून ठेवून गेली.

हातातली चूकही इथेच दिसली. आयुष्यभर मागावर धोटा बघितला. तो इकडून तिकडे एका वाटेने जातो, पण प्रत्येक खेपेला त्याला फटका बसतो. माझा पटही तसाच होता: मागे थोडासा, पुढे एकदम झटका. आता पटर (पट मारायचा क्लब) जितका मागे, तितकाच पुढे, आणि मनगटं गप्प. अंतर बदलायचं तर झोक्याची लांबी बदलायची, जोर नाही. याच्या जोडीला जाड ग्रिप बसवून घेतली. बोटांचे सांधे सकाळी आखडतात, त्यांना घट्ट पकडावं लागत नाही आणि पकड सैल राहिली की झटकाही कमी होतो.

चष्म्याचं मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितो. प्रोग्रेसिव्ह काचेतून खाली बघितलं की नजर जवळच्या नंबरातून जाते आणि पाच फुटांवरचा बॉल धूसर दिसतो. मान खाली-वर करावी लागते आणि त्यात डोकं हलतं. मी फक्त दूरच्या नंबराचा साधा चष्मा करून घेतला आणि तो गोल्फच्या बॅगेतच ठेवतो. मॅटवरची सरळ रेष त्या दिवशी मला पहिल्यांदा सरळ दिसली. सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त फायदा झाला असेल तर याचा.

मॅटवर चिप, म्हणजे बॉल थोडा उडवून पुढे पळवायचा छोटा फटका, मारू नका, तिची लव फाटते. त्यासाठी मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जातो, सकाळी सहाला, कुणी नसताना. आपली काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिथं जास्त बाउन्सची, म्हणजे जाड तळाची, सँड वेज (वाळूतून बॉल काढायचा क्लब) आपटून उसळायची आणि तिची कड बॉलच्या पोटात बसायची, बॉल भिंतीपर्यंत. आता उंच उडवायचा नादच सोडला. आठ नंबर किंवा नऊ नंबर आयर्न घेतो, वजन डाव्या पायावर, हात बॉलच्या जरा पुढे, आणि पटसारखाच झोका. सोलापुरी चादर तीन फूट चौकोनी घडी करून चार पावलांवर अंथरतो. बॉल चादरीवर पडला पाहिजे, पुढे कुठे गेला ते नंतर. सपाट जागी नऊ नंबरने एक भाग उडतो आणि साधारण तीन भाग पळतो, पिचिंग वेजने एकाला दोन. हे प्रमाण प्रत्येकाने आपापल्या हाताने तपासावं, पण एकदा बसलं की फ्रिंजवर, ग्रीनच्या कडेला, उभं राहिल्यावर क्लब निवडायला वेळ लागत नाही.

मॅटच्या तक्रारी आता. बॉल परत आणणारी पन्हाळी आली तीच तडकलेली. बदलून मिळायला तीन आठवडे आणि सात-आठ फोन लागले. दुसरी तक्रार उष्म्याची: मार्चमध्ये गच्चीवरच्या खोलीत ठेवली होती, तर दोन्ही कडा वर वळल्या आणि बॉल मध्येच डावीकडे झुकायला लागला. मला आठवडाभर वाटत होतं, माझाच पट बिघडला. उलटी गुंडाळून दोन रात्री गादीखाली ठेवली तेव्हा बरीच सरळ झाली. आता तिची जागा खालच्या हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर. तिसरी गोष्ट म्हणजे लांब पट. तीस फुटांचा अंदाज दहा फुटांच्या मॅटवर येत नाही आणि ग्रीनचा उतारही तिथं शिकता येत नाही. त्यासाठी मी पुण्याला राऊंडच्या आधी अर्धा तास लवकर पोचतो आणि सरावाच्या ग्रीनवर होलकडे न बघता फक्त लांबचे पट मारतो, ग्रीनच्या काठाजवळ थांबतील असे.

वही सांगते: गेल्या तीन राऊंडची सरासरी 35 पट, तीन-पट झालेली ग्रीन राऊंडला दोन. ड्राइव्ह होता तेवढाच आहे.

घ्यायची असेल तर सपाट टोकाची बघा, निदान नऊ फुटी, आणि पन्हाळीसाठी वेगळे पैसे देऊ नका. कंबर धरत असेल तर पटरच्या मागच्या टोकाला रबरी वाटी लावून घ्या, बॉल वाकल्याशिवाय उचलता येतो. आणि 2019 पासून झेंडा होलमध्येच ठेवून पट करायला नियमाने मुभा आहे, मी तो तसाच ठेवतो. गेल्या महिन्यात चौदाव्या ग्रीनवर वीस फुटांवरून बॉल हळूहळू येऊन झेंड्याच्या काठीला टेकला आणि आत गेला. तोच कॅडी होता. झेंडा उचलून मला बॉल देत म्हणाला, "साहेब, आज बॉल होलपाशी येऊनच मरतोय."