बिस्फेनॉल ए मोजायचंय: टायरोसिनेज घ्यावं की लॅकेज?

पाण्यातला बिस्फेनॉल ए (बीपीए, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमधलं रसायन) ओळखणारा बायोसेन्सर (एन्झाइमसारख्या जैविक घटकाच्या मदतीने रसायन मोजणारं उपकरण) करायचा ठरला की दोन एन्झाइम्सची नावं लगेच पुढे येतात. टायरोसिनेज मिळतं नेहमीच्या बटण मशरूममधून, तर लॅकेज बहुतेकदा ट्रामेटिस व्हर्सिकलर या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीतून. दोन्हींच्या गाभ्यात तांबं आहे, दोन्हींना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि दोन्ही फिनॉलचं (बीपीए ज्यात मोडतो त्या रसायनांच्या गटाचं) ऑक्सिडेशन करतात. (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजही चालतं, पण त्याला वरून हायड्रोजन पेरॉक्साइड द्यावं लागतं आणि ते जास्त झालं की एन्झाइमच निकामी होतं. बाहेर नेण्याच्या उपकरणासाठी मी ते घेणार नाही.)

शोधनिबंधांत कुणाचा सेन्सर किती कमी मोजतो, हे पाहून निवड करू नका. युरोपीय संघाची 2020 च्या निर्देशातली पिण्याच्या पाण्यातल्या बीपीएची मर्यादा लिटरला 2.5 मायक्रोग्रॅम आहे. बीपीएचा रेणुभार 228, म्हणजे हे झालं साधारण 11 नॅनोमोलर. दोन्ही एन्झाइम्सचे चांगले सेन्सर प्रयोगशाळेत तिथवर पोचतात. खरा फरक पडतो तो नमुन्यामुळे.

टायरोसिनेजची ताकद त्याच्या चक्रात आहे. ते फिनॉलचं आधी कॅटेकॉल करतं, मग क्विनोन. हे क्विनोन इलेक्ट्रोडवर −0.1 ते −0.2 व्होल्टला (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत) पुन्हा कॅटेकॉल बनतं आणि एन्झाइम त्याचं परत क्विनोन करतं. एकाच रेणूपासून पुन्हा पुन्हा विद्युतप्रवाह मिळतो. एन्झाइमशिवाय साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर बीपीए मोजायला +0.5 व्होल्टच्या आसपास जावं लागतं. तिथे ॲस्कॉर्बिक आम्ल आणि युरिक आम्लही ऑक्सिडाइझ होतात आणि इलेक्ट्रोडवर पॉलिमरचा थर चढतो. उणे बाजूला हा गोंधळ बराच टळतो, आणि माझ्या मते या एन्झाइमच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पीएच 6 ते 7 त्याला मानवतो, म्हणजे नळाच्या पाण्याला फारसा हात लावावा लागत नाही.

त्याची दुखणीही आहेत. बीपीएचा रेणू मोठा, त्यामुळे संकेत कॅटेकॉलपेक्षा बराच कमी येतो. काम करता करता एन्झाइम स्वतःच निष्क्रिय होत जातं, आणि क्विनोन एकमेकांना चिकटून पृष्ठभाग मंदावतात. म्हणून एकदाच वापरून टाकायच्या छापील इलेक्ट्रोडवर ते जास्त शोभतं. शीतपेय किंवा सरबत तपासणार असाल तर आणखी सावध राहा: त्यांत टिकण्यासाठी घातलेलं सोडियम बेंझोएट टायरोसिनेजला रोखतं आणि बीपीए असूनही आकडा कमी येतो. सुरक्षिततेच्या चाचणीत चुकून ‘नाही’ म्हणणं हे चुकून ‘आहे’ म्हणण्यापेक्षा फार वाईट.

लॅकेजचा मार्ग वेगळा. चार तांब्यांच्या मदतीने ते फिनॉलमधून एकेक इलेक्ट्रॉन काढतं आणि ऑक्सिजनचं थेट पाणी करतं. तयार होतात ते फिनॉक्सी मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेले अस्थिर रेणू). बीपीएच्या बाबतीत ते आपापसांत जोडले जातात, त्यामुळे टायरोसिनेजसारखं चक्र इथे नीट जमत नाही. बुरशीच्या लॅकेजला आम्लधर्मी माध्यम लागतं, साधारण पीएच 4 ते 5. शिवाय क्लोराइड त्याला अडवतं. प्रयोगशाळेतल्या सवयीने पीबीएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं, मीठ घातलेलं फॉस्फेटचं द्रावण) घेतला तर त्यात पीएच 7.4 आणि 137 मिलिमोलर मीठ, म्हणजे दोन्ही गोष्टी लॅकेजच्या विरुद्ध. ॲसिटेट बफर घ्या. खाडीचं पाणी किंवा लघवी यांसारख्या खारट नमुन्यांसाठी लॅकेजचा विचारच नको. मात्र नमुना मुळातच आम्लधर्मी आणि कमी मिठाचा असेल, आणि एकूण फिनॉलांचा अंदाज पुरणार असेल, तर लॅकेज घ्या. आणि कोणतंही एन्झाइम घेतलंत तरी बफर टिकावा म्हणून सोडियम ॲझाइड घालू नका, ते दोघांनाही मारक आहे.

दोन्ही एन्झाइम्स बीपीएला नावानिशी ओळखत नाहीत. चहा-फळांतली पॉलिफिनॉलं तोच संकेत देतात, म्हणून अशा नमुन्यात आधी निष्कर्षण करून वेगळं काढणं आलंच. उलट ‘बीपीए-फ्री’ मालात पर्याय म्हणून येणारं बिस्फेनॉल एस सहज निसटू शकतं, कारण त्यातला सल्फोन गट इलेक्ट्रॉन ओढून धरतो आणि ऑक्सिडेशन अवघड करतो. थॅलेट्समध्ये (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांमध्ये) तर फिनॉलचा गटच नाही. तुमचं लक्ष्य ते असेल तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. 17-बीटा-एस्ट्राडायोल या स्त्री-संप्रेरकासाठी युरोपीय निरीक्षण यादीतलं मूल्य लिटरला 1 नॅनोग्रॅम आहे, ते 4 पिकोमोलरपेक्षाही कमी. तिथे एन्झाइमवर वेळ घालवू नका, एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी प्रयोगशाळेतली पद्धत) किंवा अँटिबॉडीचा मार्ग धरा. बीपीएबद्दलही युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2023 चा निकष (रोज शरीराच्या प्रतिकिलो वजनाला 0.2 नॅनोग्रॅम) गाठायचा असेल तर तेच.

ऑफिसातल्या 20 लिटरच्या पॉलिकार्बोनेट जारचं, उन्हात राहिलेलं पाणी पटकन चाळून पाहायचं असेल तर मी टायरोसिनेज निवडेन: मीठ न घातलेला फॉस्फेट बफर, पीएच 6.5, एकदाच वापरायचा इलेक्ट्रोड. प्रत्येक नमुन्यात ठरावीक बीपीए मिसळून तो किती परत मिळतो हे तपासेन आणि संशयास्पद नमुने एलसी-एमएसला पाठवेन. नमुने काचेच्या बाटलीतच गोळा करा.