बर्गरच्या बिलावरचा १४ आकडी नंबर: काही महिने तपासून पाहिल्यावरचा अनुभव

उन्हाळ्यापासून मी एक करून राहिलो, बर्गर खायला गेलो की बिलावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर त्यांच्याच फॉस्कॉस या लायसन्सच्या साइटवर टाकून बघतो. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावर छापणं कम्पल्सरी आहे. १ ने सुरू झाला तर लायसन्स, २ ने झाला तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन, त्यापुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र. नागपुरात धरमपेठ, सदर, लक्ष्मीनगर, आमचा ग्रुप जिथे जातो तिथे सगळीकडे हेच.

फायदा आहे, नक्की आहे. एका जागी नंबर टाकला तर पत्ता भलत्याच दुकानाचा निघाला, काउंटरवर विचारलं तर धड उत्तर नाही, मग फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर बिलाचा फोटो टाकून तक्रार केली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, पण आम्ही तिथे जाणं बंद केलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. साइटवर नाव, पत्ता आणि लायसन्स चालू आहे की नाही एवढंच कळतं. आतलं किचन कसं आहे ते त्यात कुठून दिसणार? ते असतं इन्स्पेक्शनच्या कागदात. हॉटेलांसाठीची चेकलिस्ट ११४ मार्कांची असते आणि त्यात काही मुद्द्यांवर स्टार असतो, म्हणजे ते आधी सुधारायचे.

आमच्या नेहमीच्या बर्गरवाल्या दादांना म्हटलं, तुमचा रिपोर्ट दाखवता का, तर त्यांनी फाइलच समोर ठेवली. कुठे मार्क कापले तेही दाखवलं, भिंतीच्या फुटलेल्या टाइल्स आणि झाकण नसलेला कचऱ्याचा डबा. मग आत नेलं. डीप फ्रीजरवर उणे १८ चा आकडा, दाराला चिकटवलेल्या कागदावर सकाळ-संध्याकाळचं टेम्परेचर पेनाने लिहिलेलं, एका दिवशी लाइट गेली होती तर तेही लिहिलेलं. तो कागद बघून मला जेवढा भरवसा वाटला तेवढा कोणत्याच स्टार रेटिंगने वाटला नाही. तळणाच्या तेलाचं पण विचारा बरं का, टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा नियम आहे, दादा त्याची पट्टी बुडवून बघतात.

आणि मेयोनीज! नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात कच्च्या अंड्याचं मेयो काउंटरवर उघडं ठेवणं म्हणजे लोकांच्या पोटाशी खेळ आहे. थंड पदार्थ ५ डिग्रीच्या खालीच पाहिजे. तेलंगणाने २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदीच घातली होती.

माझं म्हणणं एवढंच की लायसन्स भिंतीवर लावता तसा शेवटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट पण लावा. कोणी दाखवतच नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात दुकानाचा तो १४ आकडी नंबर आणि पूर्ण पत्ता नक्की लिहा.