मुंबई पोलीस की आपला जिल्हा : अर्जात घटक निवडण्यापूर्वी

पोलीस शिपाई पदाच्या ऑनलाइन अर्जात उमेदवाराला एकाच घटकाचे, म्हणजे एकाच जिल्हा पोलीस दलाचे किंवा आयुक्तालयाचे, नाव भरता येते आणि त्याच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज केल्याचे आढळल्यास उमेदवारी रद्द होते. बहुतेक मुले हा रकाना अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांत, मित्रांनी काय भरले हे विचारून भरतात. गेल्या काही वर्षांत राज्यात १८,३३१ आणि त्यानंतर १७,४७१ पदांच्या मोठ्या भरत्या झाल्या. अशा भरतीत बृहन्मुंबईच्या जागा सर्वांत ठळक दिसतात, त्यामुळे बीड, जालना, नंदुरबार, वाशीम अशा दूरच्या जिल्ह्यांतील मुलेही तोच घटक निवडतात. बावीसाव्या वर्षी लागलेला शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे या एका रकान्यात छत्तीस वर्षांच्या वास्तव्याचा प्रश्न सोडवला जात असतो. म्हणून जागांच्या आकड्याच्या पलीकडे जाऊन दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

परीक्षेच्या बाबतीत दोन्हीकडे फरक नाही. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावणे २० गुणांसाठी, १०० मीटर धावणे १५ गुणांसाठी आणि गोळाफेक १५ गुणांसाठी असते; महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि मराठीतून होते. गुणवत्ता यादी मात्र प्रत्येक घटकाची स्वतंत्र लागते आणि खरी गफलत तिथेच होते. मुंबईत जागा जास्त असतात, तसेच अर्जही जास्त येतात, त्यामुळे मेरिट, म्हणजे निवडीसाठी लागणारे किमान गुण, खालीच लागेल असे आधी गृहीत धरता येत नाही. उलट लहान जिल्ह्यात एकूण जागा शंभर दिसल्या, तरी सामाजिक आरक्षण आणि त्यातील महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, गृहरक्षक, पोलीस पाल्य अशी समांतर आरक्षणाची विभागणी झाल्यावर आपल्या प्रवर्गाच्या सर्वसाधारण रकान्यात दोन-तीनच जागा उरलेल्या असू शकतात. जाहिरातीतील एकूण बेरीज न पाहता आपल्या प्रवर्गाची ओळ वाचावी. त्या ओळीत मुंबईचे पारडे बहुधा जड असते आणि मुंबई निवडण्याचे ते एक प्रामाणिक कारण आहे.

मैदानीसाठी मुंबई गाठण्याचा त्रास मात्र जमेस धरला पाहिजे. रात्रभर प्रवास करून आलेली मुले मैदानाबाहेरच्या पदपथावर झोपल्याच्या बातम्या भरतीच्या काळात आल्या आहेत. अशा रात्रीनंतर पहाटे सोळाशे मीटर धावणाऱ्या मुलाची वर्षभराची मेहनत काही सेकंदांनी वाया जाते. जिल्ह्याच्या मुख्यालयात मैदानी असेल तर नातेवाइकाकडे मुक्काम होतो आणि घरचे जेवण मिळते. मुंबई निवडणाऱ्याने किमान एक दिवस आधी पोहोचून झोपण्याची सोय करावी आणि त्या खर्चाची तरतूद तयारीच्या खर्चातच करावी.

पगाराची श्रेणी राज्यभर एकच, २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. फरक घरभाडे भत्त्यात पडतो. मुंबईला मिळणारा टक्का लहान गावांच्या तिप्पट असतो, आणि गावाकडे बसून हिशेब मांडताना हा तिप्पट शब्द फार मोठा वाटतो. नव्या शिपायाच्या मूळ वेतनावर तीस टक्के धरले तरी ती रक्कम साडेसहा हजारांच्या आसपास भरते, आणि तेवढ्यात मुंबई शहराच्या हद्दीत कुटुंबासाठी घर मिळत नाही. शासकीय निवासस्थान मिळाले, तर घरभाडे भत्ता बंद होतो. जिल्ह्यात भत्ता कमी असला, तरी अनेकांना स्वतःच्या घरातून किंवा तालुक्याच्या गावी माफक भाड्यात राहता येते, घरचे धान्य येते आणि दुचाकीवर पोलीस ठाणे गाठता येते. महिनाअखेरीस हातात उरणारी रक्कम पाहिली, तर पहिली काही वर्षे जिल्ह्यातला शिपाई पुढे असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

घराचा प्रश्न हा मुंबईच्या नोकरीचा गाभा आहे. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींत पोलिसांच्या पिढ्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत राहिल्या. तिथे आता पुनर्विकास होत असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, पण त्या घरांवर हक्क आहे तो तिथल्या जुन्या रहिवाशांचा. आज भरती होणाऱ्या शिपायाने निवासस्थानासाठी प्रतीक्षा यादी गृहीत धरावी आणि तोवर बदलापूर, कल्याण, नालासोपारा, विरार किंवा पनवेलच्या बाजूला राहण्याची तयारी ठेवावी. तिथून कामावर जाण्यायेण्यात रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. दत्ता पडसलगीकर तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त होते आणि ती कल्पना एका शिपायाच्याच अभ्यासातून आली होती. पुढे तो प्रयोग शहरभर नेण्यात आला. ज्याने बारा तासांची पाळी आणि चार तासांचा प्रवास रोज केला आहे, त्यालाच त्या प्रयोगाचे मोल कळेल. मात्र बंदोबस्ताच्या दिवशी घड्याळ कोणालाच लागू नसते, आणि मुंबईत गणेश विसर्जन, चैत्यभूमीवरील ६ डिसेंबर, ३१ डिसेंबरची रात्र, आझाद मैदानावरील मोर्चे आणि निवडणुका असे दिवस वर्षभर एकामागून एक येत राहतात.

कामाच्या स्वरूपाचा विचार केला, तर मुंबईचे पारडे पुन्हा जड होते. प्रशिक्षण संपल्यावर नव्या शिपायाची पहिली काही वर्षे बहुधा सशस्त्र पोलीस दलात, म्हणजे नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ अशा ठिकाणी, गार्ड, कैद्यांची ने-आण करणारी कैदी पार्टी आणि बंदोबस्त यांत जातात. जिल्ह्यातही मुख्यालयापासूनच सुरुवात होते. त्यानंतर मुंबईत वाहतूक, गुन्हे शाखा, सायबर, आर्थिक गुन्हे अशा शाखांची दारे असतात. शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाला इतके वेगवेगळे काम एका जिल्ह्यात सहसा मिळत नाही. जिल्ह्यातील ठाण्याचे शिक्षण वेगळे असते. पन्नास-साठ गावांची हद्द आणि मोजके मनुष्यबळ असल्यामुळे बीट, समन्स, पंचनामा, यात्रेचा बंदोबस्त आणि बांधावरची भांडणे हे सारे तोच शिपाई सांभाळतो आणि माणसे ओळखायला शिकतो. मात्र तिथे दबावही ओळखीच्या माणसांकडूनच येतो. आरोपी मावशीच्या गावचा निघतो, फोन सरपंचाचा येतो, आणि कारवाई केल्यावर लग्नकार्यात तोंड फिरवले जाते. मुंबईत हा जाच जवळजवळ नसतो. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे सैन्यातून मुंबई पोलिसांत आले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबला पकडताना त्यांनी प्राण दिले. साताऱ्यातून आणि कोकणातून या शहराच्या पोलीस दलात येण्याची परंपरा जुनी आहे आणि त्या वर्दीचा अभिमान बाळगून येणाऱ्यांना मी कधीही परावृत्त करणार नाही.

परंतु घरापासूनचे अंतर हा मुद्दा तयारीच्या धुंदीत सर्वांत कमी बोलला जातो. वडिलांना रात्री छातीत दुखू लागले, तर बीडचा मुलगा मुंबईहून सकाळपूर्वी घरी पोहोचत नाही. किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या, ही मोठी सोय आहे, पण बंदोबस्त लागला की मंजूर रजाही रद्द होते. जिल्ह्यातील नोकरीतही पोलीस ठाणे घराच्या उंबऱ्याशी मिळेलच असे नाही. शिपायाचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ कायद्याने ५ वर्षांचा आहे, आणि अहिल्यानगरसारख्या मोठ्या जिल्ह्यात अकोले ते जामखेड हे अंतरही थोडे नाही. तरीही साप्ताहिक सुट्टीला घरी जाऊन येता येते आणि पेरणीच्या दिवसांत शेतावर एक फेरी होते.

“आधी मुंबईत लागू, मग बदली करून घेऊ” हे वाक्य अभ्यासिकेत वारंवार ऐकू येते आणि मला त्याची काळजी वाटते. शिपायाची ज्येष्ठता घटकनिहाय मोजली जाते. आंतरजिल्हा बदलीसाठी दोन्ही घटकांची संमती लागते, आणि ती मिळाल्यावर नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीच्या तळाशी जावे लागते. दहा वर्षे नोकरी झालेला माणूस त्यामुळे हवालदारपदाच्या रांगेत आपल्यापेक्षा लहान मुलांच्या मागे उभा राहतो. तोवर मुले मुंबईच्या शाळेत रुळलेली असतात आणि पत्नीचे कामही तिथेच असते, म्हणून अनेक जण मिळालेली बदलीही घेत नाहीत. बदलीच्या भरवशावर मुंबई निवडू नये. मुंबईतच राहायचे आहे, असे ठरवून निवडावी.

ठाणे, नवी मुंबई, पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही आयुक्तालये या दोहोंच्या मधली आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील मुलाला पुणे जवळ पडते, शहरी कामाचा अनुभव मिळतो आणि घरही तुलनेने आवाक्यात येते. त्यामुळे सातारा-सोलापूरच्या उमेदवारांनी मुंबईच्या आधी पुण्याच्या जाहिरातीतील आपल्या प्रवर्गाची ओळ पाहावी. राज्य राखीव पोलीस दलाची निवड मात्र याच रांगेत धरू नये, कारण तिथे मैदानी चाचणीच वेगळी आहे, पाच किलोमीटर धावावे लागते, आणि कंपनीसोबत सतत फिरती असते.

अविवाहित, घरी दुसरा भाऊ किंवा बहीण असलेला, शेतीवर अवलंबून नसलेला आणि तपासाच्या कामाची ओढ असलेला उमेदवार असेल, तर त्याने मुंबई भरावी, असा माझा सल्ला आहे. एकुलता मुलगा, आजारी आईवडील आणि घरची कसती जमीन असेल, तर जागा कमी असल्या तरी त्याने जिल्हाच भरावा आणि एखादी भरती हुकली तरी वयोमर्यादेत पुढची संधी पाहावी. खुल्या प्रवर्गाला ती मर्यादा २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांची आहे. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात आधीच बोलून घ्यावी. लग्नानंतर पतीच्या जिल्ह्यात बदली मागता येते, पण ज्येष्ठता तेव्हाही सोडावी लागते. स्थळ पाहताना ही बाब मुलाकडच्यांना सांगितलेली असावी आणि ज्येष्ठता सोडायची की नाही, हे त्या मुलीने स्वतः ठरवावे.