पाण्याला फेस येईना, माझ्या तोंडाला आला

42,900 रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घरात अजून तो कोणी मोठ्याने उच्चारत नाही. दारावर आलेल्या एका ठगाला पाणी "शुद्ध" करायच्या यंत्रांसाठी दिले: 10,000 यूपीआयने, 32,900 रोख. रोख का, तर "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, मॅडम." हो, दिले. शिव्या घालायच्या असतील तर इथेच घालून घ्या, पुढे अजून जागा आहेत.

आणि मी विज्ञान शिकवते. साताऱ्यात अकरा वर्षं शाळेत शिकवलं, ह्यांची बदली झाल्यापासून डेहराडूनमध्ये घरीच शिकवण्या घेते. सुफेन पाणी (साबणाला फेस येणारं), दुष्फेन पाणी (फेस न येणारं), विद्युत अपघटन (वीज सोडून पदार्थाचं विघटन) हे सगळं फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेली बाई मी.

साताऱ्याला कासच्या पाण्याची सवय, त्यामुळे इथलं पाणी पहिल्या दिवसापासून अंगावर आलं. किटलीत महिन्याभरात पांढरा थर, नळाच्या तोंडाशी खडू, साबणाला फेस नाही, तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांनीही बोटचेपी होईना. इथले लोक "पानी में चूना है" म्हणून मोकळे होतात, आणि ते खरंच आहे. मसुरीचे डोंगर चुनखडीचे. 1985 पासून सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या खाणी बंद करायला लावल्या, पण पावसाचं पाणी तो दगड विरघळवत खाली येतंच. सहस्रधारेला गेलात तर तेच पाणी गुहांमधून ठिबकताना दिसतं. म्हणजे तक्रार खोटी नव्हती, आणि त्या ठगाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

मार्चमधली दुपार. गळ्यात ओळखपत्र, हातात काळी बॅग, "सोसायटीत मोफत पाणी तपासणी चालू आहे." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं पेन बुडवलं, 342 आले, आणि त्याने असा चेहरा केला की मला वाटलं आता रुग्णवाहिका बोलावतो. मग दोन पेले काढले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं "शुद्ध". सळयांचं यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात आमचा पेला गढूळ तपकिरी, वर हिरवट-काळा साका. त्याचा पेला जवळजवळ जसाच्या तसा.

मी त्या सळया पाहिल्या होत्या. एक जाड, दुसरी खालच्या टोकाला झिजून पेन्सिलसारखी झालेली, गंजाच्या पापुद्र्यांसकट. धनाग्र, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेली सळई, झिजतं हे मी नववीच्या पोरांकडून पाठ करून घेते! तो गाळ पाण्यातला नव्हताच, लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई विरघळते. त्याच्या पाण्यात क्षारच नव्हते म्हणून तिथे काही घडलं नाही. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही तसाच तपकिरी झाला असता. मिठाची बरणी माझ्या उजव्या हाताशी होती. रात्री झोप लागत नाही ती त्या बरणीमुळे.

का नाही टाकलं? कारण जानेवारीत ह्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि औषधं टेबलावरच होती. त्याने ती पाहिली आणि हळूच म्हणाला, "सर को स्टोन है ना?" सासूबाई आतून म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" डॉक्टरांनी पाण्याचं नावही काढलं नव्हतं. पण घाबरलेल्या बाईला धनाग्र-ऋणाग्र आठवत नाही. तुम्हालाही आठवलं नसतं.

आरओ (पाण्यातले क्षार गाळणारं यंत्र) 17,500, सॉफ्टनर (दुष्फेन पाणी सुफेन करणारं यंत्र) 21,000, तीन वर्षांची देखभाल 6,400, आणि "ताईंसाठी" 2,000 सूट.

तीन आठवड्यांनी किटलीत पुन्हा तोच थर. त्याचा फोन बंद. आमच्या प्लंबरने सॉफ्टनरची नळकांडी उघडली आणि ओंजळभर काढून दाखवलं: "मॅडम, ये तो रेत है." नदीची वाळू. रेझिनचा, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, एक दाणा नाही. खऱ्या सॉफ्टनरला रेझिन धुवायला अधूनमधून मिठाचं पाणी लागतं, सोबत मिठाची टाकी असते. त्याने मिठाचा म ही काढला नव्हता आणि मीही विचारलं नाही. पुन्हा मीठच. (आणि हेही ऐकून ठेवा, चांगल्या सॉफ्टनरनंतरही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. कॅल्शियम जाऊन सोडियम येतं. "सॉफ्टनर लावा, टीडीएस शून्य" म्हणणाऱ्याला दारातूनच घालवा.)

आता कार्यालयांची यात्रा. चौकीत सांगितलं, ठाण्यात जा. ठाण्यातला म्हणाला, "सामान तो लगा है ना? फिर ठगी कैसी?" वाळूची पिशवी टेबलावर ठेवली तर आधी टेबल झाडायला सांगितलं. सायबरवाल्यांचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेचंही तेच, फक्त एसीमध्ये बसून. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर कमालच केली, "आम्ही कुठे पाठवलं होतं त्याला?" मग गेटवरच्या वहीत त्याची नोंद "सोसायटी काम" अशी कशी? त्या दिवसापासून वही सापडत नाही.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा, नमुना असा चालत नाही, आमच्या बाटलीत हवा, आणि बाटल्या संपल्यात. तिसऱ्यांदा नमुना घेतला, पण अहवाल मागायला गेले तर मला विचारलं, "करना क्या है रिपोर्ट का?" शेवटी पैसे भरून खासगी प्रयोगशाळेतून करून घेतला. टीडीएस 338, एकूण काठिण्य (म्हणजे पाणी किती दुष्फेन ते) 268. भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चालतो. काठिण्य 200 पर्यंत योग्य, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी दुष्फेन आहे, विष नाही. आरओची गरजच नव्हती! राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओ बंद करा. हे एक वाक्य पाण्याच्या बिलावर छापायला कुणाचं काय जातं?

टीडीएसचं पेन जंतू दाखवत नाही, काठिण्यही दाखवत नाही, फक्त वीज किती वाहते तेवढं सांगतं. किटलीला लिंबू किंवा व्हिनेगर, दहा रुपयांत काम. डाळीला उकळून निवळलेलं पाणी घ्या, चुना बराचसा तळाशी बसतो. रोख देऊ नका. कच्च्या बिलावर पत्ता असेल तर पैसे देण्याआधी तिथे जाऊन या. माझ्या बिलावरच्या पत्त्यावर टायर पंक्चरचं दुकान निघालं. तक्रार 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, त्याच दिवशी नोंदवा, मी लाजेपायी 23 दिवस घालवले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हेही मला तिथल्या शिपायाने सांगितलं, खिडकीतल्या माणसाने नाही.

आयोगाने आता विरुद्ध पक्षाचा खरा पत्ता आणायला सांगितलंय. तो मी शोधायचा. वाळू पुरावा म्हणून बिस्किटाच्या डब्यात सीलबंद ठेवली आहे आणि सासूबाई रोज विचारतायत, तुळशीच्या कुंडीत घालू का.