घरचा कॅमेरा आणि त्यातलं कार्ड: वापरून बनलेलं मत

खोक्यातून काढून लावला तसाच ठेवला, तर घरावर नजर ठेवणारा हा कॅमेरा फारसा कामाचा नाही. त्यात मेमरी कार्ड घालून एक सेटिंग बदललं की मात्र पैसे वसूल. कंपनीचं नाव घालत नाही. याच साच्याचे कॅमेरे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, तेव्हा तुमच्या भिंतीवर याचाच भाऊ असू शकतो.

मूळ सेटिंगमध्ये हालचाल दिसली की तो दहा-बारा सेकंदांची क्लिप क्लाऊडवर टाकतो आणि मग पाच मिनिटं गप्प. ती पाच मिनिटं भरून हवीत तर दर महिन्याला वर्गणी भरा. आमच्याकडे ऐंशी ओलांडलेले बाबा दिवसभर एकटे असतात, मी कामावर. एका दुपारी क्लिप आली: बाबा दार उघडून बाहेर आले, खिसे चाचपले, संपली क्लिप. पुढे काय झालं? दार ओढलं की सताड उघडं? फोन करावा तर उचलत नाहीत. अर्धवट माहितीने जीव जास्त टांगणीला लागतो, त्यापेक्षा काहीच न कळलेलं बरं.

कार्ड घालून ॲपमधल्या 'स्टोरेज'मध्ये 'इव्हेंट'च्या (हालचालीपुरतं) जागी 'कंटिन्युअस' (सलग) केलं आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी सगळं दिसलं. खिसे चाचपून बाबा आत गेले, चष्मा घालून आले, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, मग शेजारच्या काकांशी जिन्यात बराच वेळ गप्पा. संध्याकाळी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "कुलूप मी रोजच ओढून बघतो. तुझा कॅमेरा आज बघायला शिकला वाटतं."

आता कार्ड किती मोठं घ्यायचं? १०८०पी चित्राला सेकंदाला साधारण २ मेगाबिट (म्हणजे पाव एमबी) धरले, तर दिवसाला साडेएकवीस जीबी लागतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात साडेपाच-सहा दिवस मावतात. कॅमेऱ्यात एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) असेल तर ते चालू करा, जवळपास निम्म्या जागेत काम होतं. कार्ड भरलं की सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं, तेव्हा काही जपून ठेवायचं असेल तर चार-पाच दिवसांतच काढून घ्या.

दुकानदार हमखास 'यू३ (कार्डावरची वेगाची खूण) घ्या, फास्ट आहे' म्हणतो. या कामाला वेग लागतच नाही. कॅमेरा सेकंदाला पाव एमबी लिहितो, आणि साधं क्लास १० कार्डसुद्धा किमान १० एमबीची हमी देतं. खरा प्रश्न झिजेचा आहे. कार्डातल्या मेमरीवर ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतं आणि इथे तर रात्रंदिवस तेच चालू. म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या. अनेक साध्या कार्डांच्या वॉरंटीत सततचं रेकॉर्डिंग चक्क वगळलेलं असतं, बारीक अक्षरात. नकली कार्डंही भरपूर फिरतात. ती १२८ जीबी दाखवतात आणि आत जागा असते त्याच्या चौथाईने. कॉम्प्युटरवर एकदा काठोकाठ भरून, सगळ्या फाइल परत उघडतात का ते पाहा, मग कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करा.

आता तक्रारी. ॲपमधली टाइमलाइन वैताग आणते. सव्वातीनवर बोट न्यावं तर ती साडेतीनला जाऊन बसते. बाहेरून पाहताना चित्र अडखळतं, कारण ते घरच्या इंटरनेटच्या अपलोडवरून येतं आणि तो वेग बहुधा तोकडाच असतो. तासाभराचं फूटेज काढायचं तर ॲपच्या नादी न लागता कार्डच काढून कॉम्प्युटरला लावा. तारखेचं फोल्डर, त्यात तासाचं, त्यात मिनिटामिनिटाच्या साठ फाइल. आधी याचा राग यायचा. मग एकदा रेकॉर्डिंग चालू असतानाच लाईट गेली, तेव्हा फक्त शेवटच्या मिनिटाची फाइल खराब निघाली, बाकीचा तास शाबूत. आता तुकड्यांबद्दल माझी कुरकुर नाही. मात्र लाईट आल्यावर राउटर सुरू व्हायला वेळ लागला, तर कॅमेऱ्याला वेळ कळत नाही आणि कार्डावर १९७० सालचं फोल्डर उगवतं! हवं ते सापडलं नाही तर तिथेही डोकावा.

दुसरी उणीव मोठी आहे: चोराने कॅमेराच उचलला तर पुरावाही त्याच्याच खिशात. म्हणून त्या फुकटच्या छोट्या क्लिप मी बंद केलेल्या नाहीत, आणि कॅमेरा हात पुरणार नाही इतका वर लावलाय. आमच्या कॅमेऱ्यात कार्डावरचं फूटेज कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं, पासवर्ड वगैरे काही नाही. कॅमेरा दुरुस्तीला देताना किंवा कुणाला देऊन टाकताना कार्ड आठवणीने काढा.

बॅटरीवर चालणारा घेणार असाल तर जरा थांबा. सलग रेकॉर्डिंगने बॅटरी झटपट उतरते, म्हणून त्यातल्या बहुतेकांत ही सोयच नसते. कार्डाची खाच दिसली म्हणून हुरळू नका. माहितीपत्रकात 'कंटिन्युअस' शब्द शोधा, आणि नसेल तर वायरवाला घ्या.